न ढकललेलं दार

"दार ढकललं होतं, एवढंच म्हणायचं."

"पर म्या ढकललंच न्हाय की."

"गोजरबाई, कोर्टात काय सांगायचं ते मी सांगतोय."

"मंग पिंजऱ्यात तुमीच ऱ्हावा हुबं."

हिंदुराव वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या नव्या पेठेतल्या त्यांच्या माडीवर गोजरबाई चौथ्यांदा आली होती, आणि चारही वेळा गाडं याच दारापाशी अडलं होतं.

"हा दिवाणी दावा आहे," ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. "चनबसप्पाला तुरुंगात घालायचा नाही. त्यानं तुम्हाला विनाकारण डांबलं, असं कोर्टानं म्हणायचं आणि तुम्हाला भरपाई द्यायची."

"भरपाई ऱ्हाऊ द्या. गोजरा चोर न्हाय, तिला कोंडली ती चूक झाली, येवढं चारचौघांत म्हनू दे त्येला."

"म्हणेल. पण कोंडली कशी, ते आधी दाखवायला नको?"

कोंडली ती अशी. चनबसप्पाच्या चादरीच्या कारखान्यात गोजरबाई अकरा वर्षं कांड्या भरत होती. रहाट फिरवायचा आणि मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर. माघात एका सकाळी जांभळ्या सुताचं बंडल हरवलं. आदल्या दिवशी ते गोजरबाईच्या हातात दिसलं होतं म्हणे. मालकानं सुताच्या खोलीकडं बोट केलं. "हितं बस. बंडल सापडंस्तवर हलायचं न्हाय." आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

आठच्या भोंग्याला ती पोत्यावर बसली ती सहा वाजता उठली. बंडल रंगाऱ्याकडंच राहिलं होतं. राखणदार बडेसाबनं दारातून डोकं आत घातलं आणि म्हणाला, "उठा बाई. मिळालं." मालक तिकडं फिरकलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोन्ही जागा रिकाम्या. बजाबाई, जिच्याबरोबर ती रोज शेंगदाण्याची चटणी वाटून खायची, ती आपला रहाट भिंतीकडं ओढून बसलेली. चोर कुणी म्हटलं नाही. दुपारी गोजरबाईनं भाकरीचा तुकडा मोडला तो नुसताच हातात राहिला. त्या आठवड्यातच ती वकिलाचं घर विचारत नव्या पेठेत आली होती.

आणि काल बडेसाब तिच्या साखर पेठेतल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता.

"मालकानं साक्षीला नाव दिलंय माजं," तो टोपी कुरवाळत म्हणाला. "मी खोटं नाय बोलनार, गोजरबाई. त्या दाराला भायेरनं कडीच नाय."

"कडी न्हाय?"

"कधीच नव्हती. मीच आपला स्टूल टाकून बसलेलो. दुपारी नमाजाला गेलो तवा स्टूलबी बाजूला सारलं. म्हटलं, जाईल बाई उठून. परत आलो तर तुमी तशाच. का बसल्या वो?"

तिनं चहाचं आधण ठेवायला पाठ फिरवली. वळून बघते तर तो कोपऱ्यातल्या पुरुषी चपलांकडं बघत होता. दर दिवाळीला ती त्यांना तेल लावायची. पण तळ कोरे करकरीत.

"मालक येनार हायती न्हवं घरचे?" सगळेच विचारायचे तसं त्यानं विचारलं.

"व्हय की. रेल्वेत हायती मद्रासकडं. म्होरल्या म्हैन्यात येत्याल."

बडेसाब मान डोलावून चहा न घेताच गेला होता.

"त्यो तर कडी न्हाय म्हन्तोय," ती आता वकिलांना म्हणाली.

"म्हणू दे. कायद्याला कडी लागत नाही. मालकानं धाक घातला आणि बाईला हलता आलं नाही, तरी ते डांबणंच. पण त्यांचा वकील विचारणार की कडी नव्हती, राखणदारही उठून गेला होता, मग तुम्ही गेला का नाही? उत्तरं दोनच. एक तर दार ढकललं, ते घट्ट बसलं होतं. नाहीतर खरं असेल ते सांगा. का बसलात?"

गोजरबाईला मोडनिंबचा एस.टी. स्टँड दिसला. एकोणीस वर्षांपूर्वीचा. अंगावर नवं लुगडं, मांडीवर बोचकं. नवरा, धोंडीराम, म्हणाला होता, "हितं बस. हलू नगंस. पान खाऊन आलोच." ती हलली नाही. तहान लागली तरी नळावर गेली नाही, कारण तेवढ्यात तो आला आणि ती दिसली नाही तर. दिवस कलला. सोलापूरची शेवटची गाडी लागली, तेव्हा कंडक्टरच म्हणाला, "चढा बाई, हितं आता कोन येत न्हाय." सोलापुरात मिलमध्ये आत्या होती, म्हणून निभावलं. कोपऱ्यातल्या त्या चपला तिनं पहिल्या पगारातून घेतल्या, मंगळवारच्या बाजारात, मापाचा अंदाज करून.

हे सांगायचं? न्यायाधीशासमोर, चनबसप्पासमोर, बाकावर ऐकायला बसलेल्या बजाबाईसमोर? चोर नव्हे हे ठरेल. पण टाकलेली हे त्याच दिवशी गावभर होईल. आणि खोटं म्हणायचं तर बडेसाबला, उंबऱ्याशी येऊन खरं बोलून गेलेल्या माणसाला, भर कोर्टात लबाड ठरवायचं.

"बोला, गोजरबाई. का बसलात?"

तिनं पिशवी उचलली.

"अहो, बसा, बसा. चहा मागवतो. विचार करून सांगा."

ती उभीच होती. वकिलांनी पुन्हा खुर्चीकडं हात केला. तिनं त्या खुर्चीकडं क्षणभर बघितलं, पदर खोचला आणि दार ढकलून जिन्यानं खाली गेली.

"तारखेला येणार ना?" हिंदुराव जिन्यातून वाकून विचारत राहिले. खाली पेठेत ती वळलेलीसुद्धा होती.