नळाशी काढलेल्या चपला

गुंदहून मामेबहीण शांताचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे चार माणसांना हसवत बसलो होतो. "अण्णा, बाबा गेले..." मग जरा थांबून म्हणाली, "येताना तुझ्या नळाचं पाणी आण. तोंडात तेच घालायचं, त्येनी सांगून ठेवलंय."

मामांची भातशेती काळी नदीच्या काठाला होती. धरण झालं, शेत बुडालं, मामा वर गुंदला गेले. पुढे त्याच धरणाचं पाणी आमच्या शहराला आलं. त्यानंतर मामा पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी अंगणातला नळ सोडला आणि दरबारातल्या चोपदारासारखा ओरडलो, "मामा, तुमची नदी आली हो!" मामांनी चपला काढल्या, दोन बोटं भिजवून कपाळाला लावली आणि तीन ओंजळी पाणी प्यायले. पूर्वी नदीत पाय घालण्याआधी ते हेच करत. "धरणात तुंबलीय ती नदी न्हाई रे," म्हणाले. "खाली तर नुसते धोंडे. वाहती म्हणशील तर आता तुझ्या नळात."

असा ऐवज हाती आल्यावर मी सोडतो होय? नळाला नमस्कार करणारे मामा मी लग्नघरांत केले, बारशांत केले. बसका आवाज, वाकलेली पाठ, सगळं हुबेहूब. एकदा घरीच पाहुण्यांसमोर रंगात आलो होतो आणि वळून बघतो तर दारात मामा, हातात केळ्यांची पिशवी. "बेस करतोस की," ते म्हणाले. "फकस्त चपला काढायच्या विसरलास." पाहुणे आणखी हसले. मीही हसलो...

मामा पुन्हा आले नाहीत. गुडघे धरलेत, असा निरोप यायचा. मला ते गुडघ्यांचं दुखणं नाही हे कळत होतं, तरी माफी मागायला मी गेलो नाही.

त्या दिवशी घाईत बाटली भरली आणि निघालो. मामांच्या उशाशी शांतानं ती हातात घेतली. "चपला काढून भरलंस न्हवं?"

मी बूट घालूनच भरली होती.

"व्हय," म्हणालो. आवाज जराही हलला नाही. इतका चोख अभिनय मी जन्मात केला नव्हता. तिनं ते पाणी मामांच्या तोंडात घातलं.

शांता हे वाचेल. तोंडावर सांगायचं धैर्य नाही, म्हणूनच लिहितोय.

हल्ली सकाळी नळाशी जाताना मी पायरीवरच चपला काढतो. बायको म्हणते, "फरशी गार आहे, सर्दी होईल." मी नळ सोडतो. दोन बोटं भिजवतो... कपाळापर्यंत मात्र अजून नेता येत नाहीत.