रंग सोडलेली पेशी

फोन मुदखेडहून भाचीचा होता. “मामा, आई गेली...” एवढंच बोलली. मला आधी ताईचा रागच आला. पोळ्याला लातूरला येते म्हणाली होती, आणि शब्द मोडायची तिला सवय नव्हती.

ताई नांदेडला आयुर्वेद कॉलेजच्या पोरांना शरीररचना शिकवायची. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या कचेरीत कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. सामान हलवताना कपाटाची काच उजव्या मनगटात घुसली आणि अंगठा हलवणारी नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली. जखम भरली, पण अंगठा हलेना, लेखणी धरवेना. लिहिता न येणाऱ्या कारकुनाला कोण ठेवणार? राजीनामा देतो, हे सांगायलाच मी नांदेडला गेलो.

दुष्काळाचं वर्ष होतं. कॉलेजचे नळ कोरडे. पाणी वाचवायचं म्हणून पोरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, मज्जापेशी रंगवलेल्या काचपट्ट्या स्पिरिटमध्येच खळखळून धुतल्या होत्या, त्यात रंग उडाला. जखमी पेशीतले रंगलेले दाणे विरघळतात, हे पोरं नुकतीच शिकली होती. त्यांनी एकजात सगळ्या पेशी जखमी ठरवल्या! ताई पोट धरून हसली. “पेशी धडधाकट हायत रे, रोग नळाला झालाय.”

मग तिनं मला एक जुनी, नीट धुतलेली पट्टी दाखवली. नस कापलेल्या उंदराच्या मणक्यातली, जिथून ती नस निघते त्या पेशीची. पेशी फुगलेली, मधले जांभळे दाणे विरलेले, थोडे कडेला उरलेले.

“ही तर मेली,” मी म्हणालो.

“न्हाई. कामाला लागलीय. तुटलेला धागा पुन्हा वाढवायचाय तिला. तुझ्या मणक्यात आत्ता हेच चालू हाय. काही पेशी मरतील बी, खोटं कशाला सांगू? पण रंग सोडला म्हणजे जीव सोडला न्हाई. आन् राजीनामा लिहायला तरी हात पायजे का न्हाई तुला?”

मला रजा वाढवायला लावून तिनं घरीच ठेवून घेतलं. रोज सकाळी शर्टाची बटणं एकट्या उजव्या हातानं लावायची, डावा पाठीमागं. ती समोर चहा घेऊन बसायची. मी रडकुंडीला यायचो, तिचा चहा निवून जायचा, पण ती बोट पुढं करायची नाही. “लाव,” एवढंच म्हणायची. कित्येक महिन्यांनी वरचं बटण लागलं, तेव्हा मात्र पदर डोळ्यांना लावून आत गेली... पुढं निवृत्तीपर्यंत मी त्याच हातानं लिहिलं.

आता माझ्यासमोर कुणी बसत नाही. तरी सकाळी शर्ट घालताना डावा हात मागं जातो, आणि तो पुढं आणायची माझी अजून छाती होत नाही.