सुमनकाकूंची वाटी

आधीच सांगतो, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. आता तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही.

मी लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर वाढलो. सध्या जर्मनीतल्या एका लहान शहरात मास्टर्स करतोय, हॉस्टेलवर राहतो. चाळीत दिवसा दार लावायची सोय नाही. लावलं की कोणीतरी विचारणार, भांडण झालं का रे? शेजारच्या सुमनकाकू तर हक्काच्या. मूळच्या मालवणच्या, एकट्या. काका गेले तरी हातातल्या बांगड्या त्यांनी उतरवल्या नाहीत. रोज दिवेलागणीला वाटीत काहीतरी घेऊन यायच्या आणि दार उघडं असलं तरी चौकटीवर बांगड्या वाजवायच्या. अभ्यास करताना मला त्या आवाजाचा भयंकर राग यायचा.

इथे मेसेज केल्याशिवाय कोणी कोणाचं दार वाजवत नाही. समोरच्या खोलीत कोण राहतं हे मला चार महिन्यांनी कळलं. खोटं कशाला बोलू... मला हे फार आवडलं.

निघताना काकूंनी सुकटाची चटणी दिली होती, काकांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या वाटीत. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी ती परतच केली नाही. गडबडीत वाटीसकट बॅगेत कोंबली. चटणी संपल्यावर तिच्यात खोलीच्या चाव्या टाकायला लागलो. काकूंचे फोन यायचे, तेही हळूहळू उचलेनासा झालो.

मागच्या जूनमधली गोष्ट. दुपारचे अडीच, म्हणजे लालबागला सहा. दारावर बांगड्या वाजल्या. आमच्या मजल्यावर बांगड्या घालणारं कोणी नाही... मी हेडफोन चढवला. पाच मिनिटांनी पुन्हा. काम असेल तर मेसेज करेल, म्हणून बसून राहिलो. तिसऱ्यांदा वाजल्या तेव्हा तणतणत उठलो आणि दार उघडलं.

कॉरिडॉर रिकामा. वळून पाहिलं तर चाव्या टेबलावर पडलेल्या, आणि वाटी रिकामी. हात लावला तर गरम.

घरी फोन लावला. आई म्हणाली, काकूंचं दार सकाळपासून बंद आहे, बहिणीकडे गेल्या असतील. कारण न सांगता मी म्हटलं, "आई, दार तोडायला सांग. आत्ता."

काकू मोरीजवळ पडलेल्या सापडल्या. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवा हात गेला तो गेलाच. थोडं आधी कळलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा वाटी साखरेने भरून काकूंपुढे ठेवली. बांगड्यांचं मी कोणाला, आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं. काकू हळूच म्हणाल्या, "तीनदा वाजवलंय मी. तिसऱ्या वेळाक उघडलंस."

आवाजात राग नव्हता. मला मात्र मान वर करता येईना, इतकी लाज वाटली. निघताना त्यांनी तीच वाटी चटणी भरून पुन्हा माझ्या हातात दिली.

तेव्हाच ठरवलं, यापुढे दार वाजलं की पहिल्यांदाच उघडायचं. गेल्या आठवड्यात दुपारी पुन्हा बांगड्या वाजल्या. मी हँडलला हात घातला... आणि काकूंना परत काही झालं की काय, या धास्तीने दुसऱ्या हाताने आईला फोन लावला. काकू तिच्या शेजारीच बसून चहा पीत होत्या. आईने फोन त्यांना दिला. दारावर बांगड्या वाजतायत, मी म्हणालो. तेवढ्यात पुन्हा वाजल्या. फोनवरून त्या काकूंनाही ऐकू गेल्या असाव्यात. कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणाल्या, "मी नाय वाजवलंय. दार उघडू नको."

बांगड्या एकदा अजून वाजल्या आणि थांबल्या. मी उघडलं नाही.

कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. काकूंकडे असावं. आता मी रोज फोन करतो, रोज विचारतो. त्या म्हणतात, जेवलास का, आणि दार नीट लावलंयस ना.