वर उमटलेला परिच्छेद

"मी खाली लिहून राह्यली, अन् अक्षरं वर उमटून राह्यले. काऊन?" मंदाताई फोनवर अगदी शांतपणे म्हणाल्या. म्हणूनच मी जास्त घाबरले.

मंदाताई नाचणगावला घरी बसून पुस्तकांचा अनुवाद करतात. त्या ज्यात टाइप करतात त्या टेक्स्ट एडिटरला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे एक्स्टेन्शन, मी बनवलंय. इंग्रजी शब्द टाइप करून बटण दाबलं की बाजूला चौकट उघडते आणि त्यासाठी आधी ठरवलेला मराठी शब्द दाखवते. तो बघून चौकट बंद केली की ताईंची नजर पुन्हा पुस्तकात. टाइप करताना त्या स्क्रीनकडे बघतच नाहीत. त्यामुळे नवा परिच्छेद तयार प्रकरणाच्या मधोमध जाऊन बसला होता.

हिंगणघाटच्या ऑफिसात माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं झकास चालत होतं. आमचे ऑफिसातले सर म्हणाले, "आज नाई सुधरलं तर काढून टाक ते. ताईचं काम बिघडवाचं नाई." इतक्या मेहनतीनं बनवलेलं काढून टाकायचं माझ्या जिवावर आलं. लॅपटॉप उचलला आणि वर्ध्याला बस बदलून नाचणगाव गाठलं.

ताईंच्या शेजारी बसून आधी नुसतं बघितलं. त्यांनी स्क्रीनचे वरखाली दोन भाग केले होते आणि दोन्हींत एकच प्रकरण उघडं होतं.

"वर मागचं लिहिलेलं राह्यते, सूर जुळवाले," त्या म्हणाल्या. "खाली नवं लिहितो."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. एडिटरनं उघडून ठेवलेल्या मजकुराला बफर म्हणतात आणि तो दिसतो त्या चौकटीला विंडो. एक बफर दोन विंडोंत दिसू शकतो. शब्दाची विंडो बंद झाली की माझं एक्स्टेन्शन एडिटरला विचारायचं, प्रकरणाचा बफर कोणत्या विंडोत आहे? एडिटर पहिली सापडेल ती सांगायचा, म्हणजे वरची. कर्सर तिकडे जायचा आणि मागोमाग ताईंचं टायपिंग. माझ्या लॅपटॉपवर प्रकरण नेहमी एकाच विंडोत उघडं असायचं, म्हणून ही चूक तिथे कधी दिसलीच नाही.

मग एक्स्टेन्शनला बटण दाबताना कर्सर ज्या विंडोत असेल तीच लक्षात ठेवायला सांगितलं, आणि परतायचं ते तिथेच. भरकटलेला परिच्छेद उचलून खाली आणला.

ताईंनी पुस्तकावरून नजर न हलवता अख्खं पान टाइप केलं, मधेमधे शब्द विचारत. मग मान वर केली. वरच्या भागात एक अक्षरही हललं नव्हतं.

"पुढच्या पुस्तकालेही हेच ठेवजो," त्या म्हणाल्या. मी तिथूनच सरांना फोन लावला आणि एक्स्टेन्शन काढायचं नाही, असं ठणकावून सांगितलं.

आता नवं काही बनवलं की आधी वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसते. माझ्या लॅपटॉपवर काय, सगळं चालतंच.