शुक्रवार दुपारची नोंद

जमालुद्दीन मूळचा दाभोळचा. बहरीनच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत तो मोटर वाइंडर होता आणि मी वेल्डर. जळालेली मोटर आली की तो आधी जुन्या कॉइलमधले तारेचे फेरे मोजायचा, एकेक करून. दुसरे वाइंडर वजनावरून अंदाज बांधत. त्याने भरलेली मोटर महिन्याभरात परत आल्याचं मला आठवत नाही.

हौशी रेडिओचा, म्हणजे आपल्या सेटवरून दूरच्या लोकांशी बोलायचा नाद त्याला मुंबईत लागला. तिथे परीक्षा देऊन परवाना काढला. पुढे बहरीनमध्ये रेडिओ क्लबच्या शिफारशीवर इथलाही मिळाला. मुहर्रक गावात त्याच्या घराच्या गच्चीवर अँटेनाचा खांब मीच उभा करून दिला. त्याची बायको नसीबा खालून म्हणाली होती, "घरातली ट्यूबलाइट महिनाभर फडफडतेय. ती ऐकायला पण खांब लागेल काय?"

त्या वर्षांत हौशी रेडिओवाल्यांनी ठिकठिकाणी गेटवे सुरू केले होते. समुद्रावरचा माणूस आपल्या सेटवरून दोन ओळी पाठवायचा. किनाऱ्यावरचा गेटवे त्या पकडायचा आणि टेलिफोनच्या तारेने इंटरनेटवर टाकायचा. उलटा निरोपही तसाच जायचा. चालवणारे सगळे हौशी, पोटासाठी दुसरी नोकरी करणारे. कुठला गेटवे कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. म्हणून जमालने तपासणीचं जाळं उभं केलं. आखातापासून कोकणपट्टीपर्यंत अकरा गेटवे आणि ते तपासणारे सहा स्वयंसेवक.

गेटवे दर दहा मिनिटांनी आपलं नाव हवेत सोडतो. ते ऐकू आलं म्हणजे त्याचा रेडिओ चालू आहे, एवढंच समजतं. पुढची तार जोडलेली आहे की नाही हे समजत नाही. त्यासाठी चाचणीचा निरोप पाठवायचा, तो फिरून परत येईपर्यंत सेटसमोर बसायचं आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. रोज दुपारी, बारा ते एकच्या दरम्यान. जेवणाची सुट्टी त्यात जाते. दर बुधवारी आठवड्याचा तक्ता सगळ्यांना जायचा. जहाजांवरचे हौशी लोक त्यावरून आपला गेटवे ठरवत.

प्रश्न शुक्रवारचा होता. सहांपैकी पाच जण जुम्म्याच्या नमाजाला जाणारे. सहावा आलोशियस, वसईचा, एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये क्लार्क. इतर दिवशी सगळे गेटवे वाटून घेत; शुक्रवारचे अकराही जमालने त्याच्याकडे दिले. "तुमचं चर्च रविवारी. शुक्रवारी तू मोकळाच." आलोशियस हो म्हणाला.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, ईद होऊन गेल्यावर, एक जुनं मालवाहू जहाज भंगारात निघालं. टगने ते ओढत गुजरातला न्यायचं होतं. मागच्या जहाजावर चार माणसं होती आणि त्यांत आमच्या गोदीतला दोर-साखळ्या बांधणारा रिगर शेरविन होता. रेडिओ त्याला जमालनेच शिकवला होता. आपला सेट आणि बॅटरी तो बरोबर घेऊन गेला. तक्ता बघून त्याने ओमानच्या किनाऱ्यावरचा गेटवे निवडला. तो शिवदास नावाचा माणूस आपल्या ऑफिसातून चालवायचा. त्याच्यापुढे सातही दिवस चालू अशी नोंद होती. शेरविन रोज दुपारी एक वाजता निरोप पाठवायचा. जमालकडे संगणक होता, म्हणून तो जमालच्या पत्त्यावर यायचा आणि जमाल शेरविनच्या बायकोला, जेनिसला, फोन करून वाचून दाखवायचा.

सोमवारपासून गुरुवारपर्यंत निरोप आले. शुक्रवारी आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी जमालकडे होतो. बाहेर शमाल, उत्तरेचा जोराचा वारा सुटला होता. अँटेनाच्या खांबाच्या ताणाच्या तारा वाजत होत्या. मगरिबच्या नमाजाच्या सुमारास जेनिस आली. नर्सच्या ड्रेसमध्येच होती.

"चाचा, फोन नाही आला तुमचा."

"निरोपच नाही आला, बेटा. तू कंपनीला विचारलंस?"

"विचारलं ना. ड्यूटीवरचा माणूस म्हणतो, मफी मुश्किला, काही अडचण नाही, टग चालू आहे. टगचं कोण विचारतंय त्याला? शेरविन मागच्या जहाजावर आहे."

जमालने सेट लावला. शिवदासचा गेटवे स्पष्ट ऐकू आला, जोरात. जेनिसने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. गेटवे चालू आहे, मग शेरविनच गप्प आहे.

"थांब," जमाल म्हणाला. त्याने चाचणीचा निरोप पाठवला. एक मिनिट गेलं, पाच गेली. पुन्हा पाठवला. अर्धा तास आम्ही तिघे पडद्याकडे बघत बसलो. काही परत आलं नाही. शिवदासच्या ऑफिसात फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. घरचा फोन शिवदासला नव्हता. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमालने शेरविनला आवाज दिला, दर दहा मिनिटांनी. खरखरीशिवाय काही नाही.

मग त्याने मागचे तक्ते काढले. सात शुक्रवार. शिवदासच्या गेटवेसमोर सातही वेळा चाळीस सेकंद. बाकीच्या दहा गेटवेंनाही शुक्रवारी चाळीसच. इतर दिवशी एकवीस, सत्तावन्न, अडतीस, असे वेगवेगळे आकडे. त्याने कागद माझ्याकडे दिला. त्याला मला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकच निरोप दोनदा सारख्या वेळात परत येत नाही, मग सात वेळा कसा येईल?

आलोशियसला फोन करून बोलावलं. तो आला आणि तक्ते बघून उभाच राहिला.

"जमालभाय, शुक्रवारी साडेअकराला चर्चमध्ये मास असते, आमची प्रार्थना. सुट्टी शुक्रवारची, म्हणून इथे मासही शुक्रवारी. मी कॉयरमध्ये गातो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात तू मोकळा आहेस. वाटलं, आल्यावर करेन. पहिल्या शुक्रवारी तीन वाजता बसलो पण. दोन-तीन गेटवे करायलाच तास गेला, एकट्याने सगळे करायला चार तास लागले असते. मग..."

"मग घरी बसून लिहिलंस."

"गेटवे तर रोज चालूच असायचे."

जेनिस इंग्रजीत काहीतरी फार कडक बोलली. आलोशियसने मान खाली घातली. जमालने तक्ते आपल्यासमोर ओढले. तो म्हणाला, "सात आठवडे मी ते चाळीस वाचून पुढे पाठवले. बुधवारी बुधवारी." मला ते पटलं. मोटरचे फेरे मोजणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं.

जेनिसने विचारलं, "म्हणजे शेरविनने मेसेज पाठवला असेल आणि तिकडे अडकला असेल? तो ठीक आहे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. नसीबाने खुणेने तेच सुचवलं. जमाल म्हणाला, "अडकला असेल. पाठवलाच नसेल असंही होईल. मला माहीत नाही, बेटा."

त्या रात्री कोणी घरी गेलं नाही.

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिवदासने फोन उचलला. गुरुवारी दोनला ऑफिस बंद होताना शिपाई टेलिफोनच्या मोडेमचा प्लग काढून ठेवायचा, शनिवारी सकाळी लावायचा. रेडिओ मागच्या खोलीत असायचा, तो चालूच राहायचा. शिवदासला हे आज कळत होतं. त्याने प्लग लावला आणि शेरविनचे तीन निरोप एकामागून एक आले. पहिला शुक्रवार दुपारी एकचा.

"जमालचाचा, पंपरूममध्ये पाणी. पंपाची मोटर गुणगुणते, फिरत नाही. फ्यूज बदलले. लाटांमुळे टग जवळ येऊ शकत नाही. काय करू?"

दुसरा चार वाजताचा. "पाणी गुडघ्याच्या वर. उत्तर द्या."

तिसरा रात्री नऊचा. त्यात एकच शब्द होता. "चाचा."

जमालने सांगितलं आणि आलोशियसने टाइप केलं. "वीज बंद कर. मोटरवरचा टर्मिनल बॉक्स उघड. तीन तारांपैकी एक जळालेली किंवा सैल असेल. टोक घासून तांबं दिसेल इतकं साफ कर. आवळ. मग चालू कर. हात लावून बघ. गरम झाली तर लगेच बंद." शिवदासला त्याने फोनवरून हलू दिलं नाही. शेरविनने निरोप उचलल्याचं शिवदासच्या पडद्यावर आठ पन्नासला दिसलं.

उत्तर यायला अडीच तास लागले. "मोटर फिरली. पाणी उतरतंय. रात्रभर बालद्या मारल्या. चौघे ठीक."

जेनिसने ते दोनदा वाचून घेतलं. मग हातांत तोंड लपवून रडली. नसीबाने तिला आत नेलं.

मला वाटलं, संपलं. जमाल उठला नाही. गोदीत रजा कळवली आणि आलोशियसला शेजारी बसवून अकराही गेटवे नव्याने तपासायला घेतले. प्रत्येकाला तीन निरोप, तिन्ही परत आले तरच पास. मधल्या वेळात त्याने सगळ्या स्वयंसेवकांना आणि जहाजांवरच्या लोकांना कळवलं, की सात शुक्रवारच्या नोंदी खोट्या आहेत आणि जाळं चालवणारा म्हणून दोष त्याचा. आलोशियसने आपलं नाव घालायला सांगितलं. जमालने घातलं, आपल्या नावाच्या खाली.

सूर्य मावळताना वारा पडला आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर शेरविनचा आवाज आला. घोगरा, पण त्याचाच. जेनिस धावत बाहेर आली.

"चाचा, काल दिवसभर तुम्हाला हाका मारल्या. तुमच्या तक्त्यात तर गेटवे चालू होता."

"तक्ता खोटा होता. शुक्रवारी कोणी तपासलंच नव्हतं."

जमालने माइकचं बटण सोडलं.

"हात सोलून निघालेत चाचा, चौघांचे," शेरविन म्हणाला. "आल्यावर भांडू. अजून सहा दिवस जायचंय. खरा कुठला चालतो ते सांगा."

जमालने समोरचा कागद घेतला. दिवसभरात अकरांपैकी चार पास झाले होते. तीन नापास, चार अजून तपासायचे होते. त्याने चारच नावं वाचली, सावकाश, दोनदा.

"बस? चारच?"

"आत्ता चार. बाकीचे तपासतोय."

शेरविनने चारही नावं परत म्हणून दाखवली. जेनिसने माइक घेतला आणि आलोशियसने पुढच्या गेटवेचा निरोप तयार केला.