निरंजनने दिलेले आठ

निरंजन गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिप्री बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. हातात आमच्या बर्गर-पत्रकाच्या नव्या अंकाच्या गरम प्रती होत्या. फोन फरहाचा होता. ती एवढंच म्हणाली, "सुन, नीरू नहीं रहा." दुकानदाराने विचारलं, "दीदी, सौ ही करने हैं न?" आणि मी मान डोलावली. यंत्र चालू राहिलं. प्रत्येक कागदावर मेडिकल कॉलेजजवळच्या एका नव्या कॅफेतल्या बर्गरचे गुण होते. फरहा पाच, मी चार, निरंजन सहा. तो बर्गर निरंजनने खाल्लाच नव्हता. आम्ही दोघी तिथे गेलो त्या दुपारी तो डेंगीने रुग्णालयात पडून होता. त्याचे सहा मीच घातले होते. तो गेल्याचं कळल्यावरही ते यंत्र त्याच्या नावाने गुण छापत होतं आणि मी ते थांबवलं नाही...

याला आता सात आठवडे झाले. पण मी लिहायला बसले आहे ती त्या सहांसाठी नाही. त्याच्याही आधी एकदा त्याने स्वतःच्या तोंडाने आठ दिले होते. ते कुठेच छापले गेले नाहीत.

माझे बाबा महाराष्ट्रातून झाशीजवळच्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि आल्या आल्या कामगार संघटनेची पत्रकं लिहू लागले. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचलेला पहिला शब्द 'साथियो' होता, आणि शाळेत निबंधाच्या शेवटी मी मागण्या लिहायचे. पत्रकात एक जरी वाक्य खोटं निघालं तर कारखान्याच्या गेटवर उभं राहता येत नाही, असं बाबा सांगायचे. मी हे एवढ्या वेळा ऐकलं होतं की मला वाटायचं ते माझ्या रक्तातच आहे.

निरंजन मात्र इथलाच. खंडेराव गेटजवळ घर. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्याचा कुणी पूर्वज फौजेबरोबर कारकून म्हणून आला आणि राहिला. आमची ओळख गणपतीतल्या मराठी कार्यक्रमात झाली. कुणीतरी त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं तर तो माईकवर म्हणाला, "माझी मराठी समजण्याची आहे, बोलण्याची नाही," आणि खाली बसला. खरं तर तो बोलायचा, पण त्याची मराठी मजेशीर होती. "मी आत्ता निकलतो" म्हणायचा, आणि त्याच दमात आईकडून आलेला, आमच्या घरी केव्हाच मेलेला एखादा शब्द काढायचा. बर्गरबरोबर येणाऱ्या चटणीला तो 'तोंडीलावणं' म्हणत असे. इलाइट चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. फरहा त्याच दुकानात काउंटरवर होती. तिला मराठी येत नाही, पण आम्ही दोघं भांडायला लागलो की तिला सगळं कळायचं.

गेल्या काही वर्षांत झाशीत कोपऱ्याकोपऱ्यावर बर्गर आला. ठेले आले, कॅफे आले, एका मिठाईवाल्यानेही जिलबीच्या कढईशेजारी तवा मांडला. प्रत्येकाच्या पाटीवर 'झाँसी का नंबर वन'. मला त्या पाट्यांचा राग यायचा. कुणी ठरवलं नंबर वन, मी एकदा चिडून विचारलं. निरंजन म्हणाला, "तू चिढू नको, चल आपण ठरवू." असं ते सुरू झालं. रविवारी दुपारी तिघांनी एका ठिकाणी जायचं, तीन बर्गर घ्यायचे, खाताना चर्चा करायची नाही आणि खाऊन झालं की प्रत्येकाने दहापैकी गुण सांगायचे. मी ते हिंदीत एका पानावर लिहायचे, प्रत्येकाच्या नावासकट, आणि शंभर प्रती काढून चहाच्या टपऱ्यांवर, कोचिंग क्लासच्या फळ्यांवर लावायचे. पोरं त्याचे फोटो काढून पुढे पाठवायची. सरासरी चारच्या खाली गेली तर काळी चौकट आणि आत 'यहाँ न जाएँ'. ही चौकट माझी कल्पना. निरंजनला ती आवडली नव्हती. "संपादकबाई, ही तर तेराव्याची पत्रिका दिसते," तो म्हणाला होता.

त्याच्याबरोबर खाणं ही चैन होती. एका कॅफेत बर्गर काटा-सुरीसकट आला आणि वर चीजचा एवढा थर की पावच दिसेना. फरहाने विचारलं, इतना चीज क्यों डालते हैं. निरंजन गंभीरपणे म्हणाला, "नीचे क्या है, उसकी इज्ज़त रखने के लिए." दुसरीकडे वेटरने विचारलं, "सर, फीडबॅक?" तर याने त्याचा चष्मा काढून घेतला, दांडी सरळ करून परत घातला आणि म्हणाला, "अब ठीक बैठा. बर्गर भी ऐसे ही ज़रा टेढ़ा है." तो कुणाला दुखवून बोलायचा नाही, पण गुण कधी वाढवूनही द्यायचा नाही. मी चिडून दोन द्यायचे, फरहा दया येऊन सहा द्यायची आणि निरंजनचा आकडा तेवढा बर्गरचा असायचा.

मग आम्ही ओरछा गेटला महेंद्र भैयाच्या ठेल्यावर गेलो. पाटीवर लिहिलं होतं, 'हाथ की बनी ताज़ी टिक्की'. मी मागच्या बाजूने गेले आणि मला बर्फाच्या पेटीत प्लास्टिकचं, कंपनीचं छापील पाकीट दिसलं. मला तेवढं पुरलं. हाताची म्हणून पाकिटातली टिक्की विकतोय, पाटीवर उघड खोटं... मी दोन दिले. फरहाने माझ्या तोंडाकडे बघून चार दिले. निरंजन म्हणाला, "आठ."

रस्ताभर आम्ही भांडलो. मी पाकिटाचं सांगितलं. तो म्हणाला, "पाकिटात काय होतं, तू बघितलं? माझ्या टिक्कीत बटाट्याचं साल आलं. बारीक तुकडा. मशीनच्या टिक्कीत साल येत नाही, ते हाताने सोललं की राहतं." मी म्हटलं, एका सालीवर तू आठ देतोस? "सालीवर नाही, चवीवर देतो. साल फक्त तुला सांगतोय, तुला सबूत पाहिजे म्हणून." मी म्हटलं, अशा ढिलाईमुळेच लोक खोटं खपवतात. तो हसला. "आठ लिही," तो म्हणाला आणि खंडेराव गेटातून आपल्या गल्लीकडे वळला. महेंद्र भैया त्याच गल्लीत चार घरं सोडून राहतो, हे मला माहीत होतं. त्याचा आठ शेजाराचा आहे, असंही मी मनात म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पान जुळवायला बसले. दोन, चार, आठ. सरासरी चारच्या वर जात होती, म्हणजे काळी चौकट बसत नव्हती. मी निरंजनला फोन लावला, तो कामात असेल, उचलला नाही. मी थोडा वेळ त्या आठकडे बघत राहिले. मग तिथे तीन टाइप केलं. मला अवघड गेलं नाही, हे सांगायलाच हवं. मला वाटलं, समजावलं की त्याला पटेल. मोठ्या खोट्यावर बोट ठेवायचं तर मित्राचा एक आकडा... असं काहीतरी. मथळा दिला, 'ताज़ी टिक्की का झूठ'. खाली तिघांची नावं. निरंजन : तीन.

ते पान आमच्या सगळ्या पानांत जास्त फिरलं. कोचिंगची मुलं महेंद्र भैयाला 'पैकेट भैया' म्हणू लागली. ठेल्यासमोरून जाताना ओरडायची. पाकिटात मटार होते, हे मला महिन्याभराने कळलं. हिवाळा सरल्यावर टिक्कीत घालायला तो ते घ्यायचा. मी पुढच्या अंकात खुलासा छापला, तळाशी, दोन ओळींचा. त्यात मटारांचं लिहिलं. तीनाचं लिहिलं नाही.

निरंजनने ते तीनाचं पान बघितलं तेव्हा आम्ही चष्म्याच्या दुकानाबाहेर चहा पीत होतो. त्याने ते वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. "छापलं? बरं," म्हणाला. मी समजावणीचं जे तयार केलं होतं ते बोलायला लागले तर म्हणाला, "चहा थंड होतोय." पुढच्या रविवारी तो आला. नेहमीसारखं खाल्लं, फरहाला चिडवलं, दुकानदाराशी गप्पा मारल्या. मी वही उघडून विचारलं, तुझे किती? तो म्हणाला, "तूच घाल." मला वाटलं, तेवढ्यापुरता राग आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आवाजात राग नसायचा, टोमणा नसायचा. "माझे तूच घाल ना." आणि मी घातले. दहा महिने मी घालत राहिले. साडेपाच, सात, चार. त्याने काय दिले असते याचा अंदाज करायचे आणि हळूहळू तेही सोडलं. मला हवी ती सरासरी येईल असा आकडा त्याच्या नावापुढे बसू लागला. ज्या मुलीच्या घरात पलंगाखाली खरेपणाचे गठ्ठे होते, तिने हे केलं.

रुग्णालयात मी त्याला शेवटचं भेटले तेव्हा त्याचे ओठ सुकले होते आणि हाताला सलाईन होतं. काकू, म्हणजे त्याची आई, बाहेर डबा धुवायला गेल्या होत्या. काहीतरी हलकं बोलावं म्हणून मी विचारलं, "कसं वाटतंय? दहापैकी?" त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तूच घाल," म्हणाला. आणि हसला. मीही हसले... तिसऱ्या दिवशी फोन आला.

तेव्हापासून हे दोन शब्द माझा पिच्छा सोडत नाहीत. भाजीवाला विचारतो, किती देऊ, आणि मला ऐकू येतं. ऑफिसात कुणी एखादा फॉर्म पुढे सरकवतं, रिकामा रकाना दिसतो, आणि ऐकू येतं. इलाइट चौकातून जाताना चष्म्याच्या दुकानाच्या काचेमागे कुणीतरी मान खाली घालून काच घासत असतं. दुसरा मुलगा आहे तो, मला माहीत आहे, तरी माझी चाल मंदावते. कम्प्युटरमधली जुनी पानं मी उघडून बसते. त्याच्या नावासमोरच्या आकड्यांतला त्याचा कुठला आणि माझा कुठला, हे तारखांवरून मला सांगता येतं, पण वाचणाऱ्याला येणार नाही. कागदावर तो आता तसाच राहणार, निम्मा माझ्या हातचा.

दहाव्याला फरहा आणि मी लक्ष्मी तालाच्या काठाला बसलो होतो. मी तिला विचारलं, त्याने तुला कधी काही सांगितलं का. तिने एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "मैंने उससे कहा था, जाके महेंद्र भैया को बता दे कि तीन तेरे नहीं हैं. बोला, बता दूँगा तो उसका परचा झूठा हो जाएगा. और परचा ही तो है उसके पास." फरहा पुढे म्हणाली, "मुझे गुस्सा है तुझ पे. साथ बैठी हूँ, पर गुस्सा है."

मी पत्रकाचा शेवटचा अंक काढला. त्यात कुठल्या बर्गरचे गुण नाहीत. निरंजनने ओरछा गेटच्या बर्गरला आठ दिले होते, तीन मी छापले, आणि त्यानंतरचे त्याच्या नावाचे सगळे गुण माझे आहेत, एवढंच आहे. तेच इथे मराठीत लिहिते आहे. पण कागद लावून भागणार नव्हतं. मी तो घेऊन महेंद्र भैयाकडे गेले.

दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने मला ओळखलं. कागद उभ्यानेच वाचला, दोनदा. मग तव्याखालची आच कमी केली. "रोज़ मेरे घर के आगे से निकलता था," तो म्हणाला. "गर्दन नीचे करके. मैं समझा, शरम है. साल भर मैंने उससे बात नहीं की. उसकी अम्मा के सामने अर्थी को कंधा दिया, और मन में तब भी था कि इसने तीन दिए थे." मी म्हटलं, भैया, माफ... त्याने हात वर केला. "वो तो जिससे माँगनी थी, वो गया. मुझसे मत माँगिए."

मी निघायला हवं होतं. पण त्यानेच विचारलं, "आप तो हर इतवार साथ बैठती थीं. खाता कैसे था वो?" मी तोंड उघडलं आणि मला काहीच आठवेना. त्याची वाक्यं आठवत होती, थट्टा आठवत होती. पण तो खात असायचा तेव्हा मी खाली मान घालून वहीत मथळे लिहीत असायचे. "मैं देखती नहीं थी," मी म्हणाले.

"ऊपर वाला पाव उतार के अलग रख देता था," महेंद्र भैया म्हणाला. "स्कूल के ज़माने से, जब मैं टिक्की-पाव लगाता था. बाकी सब खा लेता, फिर आख़िर में वो पाव, सूखा. मैं कहता, चटनी तो ले ले. बोलता, नहीं भैया, मुँह पोंछ रहा हूँ अंदर से. अब बताऊँगा कैसा था."

त्याने पाव भाजला, टिक्की ठेवली, कांदा घातला. वरचा पाव त्यावर ठेवला नाही, कागदावर बाजूला ठेवून माझ्यापुढे सरकवला. मी खाल्लं. शेवटी तो कोरडा पाव घेतला. तो टाळूला चिकटतो, लवकर गिळला जात नाही. आधी मिरची जाते, मग कांदा, मग हळूहळू मीठही. गेटातून ई-रिक्षा येत-जात होत्या. महेंद्र भैया पाठमोरा कोबी चिरत होता.

"हो गया?" त्याने न वळता विचारलं.

"अभी नहीं," मी म्हणाले आणि चावत राहिले.