हरा, पण दिसून हरा

सोमवारी सकाळी चाचा दुकानात कोसळले. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच गेले.

परंड्यात आमच्या वाचनालयाच्या भिंतीला लागून त्यांचं गेमचं दुकान. सहा कॉम्प्युटर. पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करायचे. ट्यूबची थरथर पाहून पाहून त्यांची नजर अशी तयार झाली होती, की माऊस गोल फिरवून पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतंय ते सांगायचे. "साठ आहे. एकशे चव्वेचाळीस पाहिजे."

नव्या मॉनिटरला तो वेग असतो. पण आपण काय करतो, तुम्हाला ठाऊक आहे. जुनी केबल चालतेय तर नवी कशाला मळवायची, म्हणून नवी खोक्यातच ठेवतो. जुनी केबल साठापुढं जात नाही. चाचा घरोघरी जाऊन माळ्यावरची खोकी उतरवायचे, केबल बदलायचे, सेटिंगमध्ये आकडा बदलायचे.

"चाचा, मला तर काही फरक दिसत नाही," मी एकदा म्हणालो.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पडद्यावर मजकूर सरकता ठेवला. "वाचा, सर." अक्षरं विस्कटत होती. त्यांनी आकडा बदलला. "आता वाचा." सरकत्या ओळी वाचता आल्या. "पुस्तकवाल्यालाच दिसलं न्हाय, तर बाकीच्यांनी काय करावं?"

माल देणारा व्यापारी फोनवर हसला होता. "परंड्यात कुणाला कळतंय, चाचा? साठवर राहू द्या."

"का? आमच्याकडं डोळे निम्मे देतेत का?" म्हणाले आणि फोन ठेवला.

कॉलेजची पोरं बार्शीवाल्यांशी गेमचा सामना हरली. "आपला हातच स्लो हाय, चाचा." चाचांनी सहाही मशीन तपासली. मध्ये वीज जाऊन आल्यावर गेमनं आकडा परत साठवर नेला होता. त्यांनी तो बदलला. पुढच्या आठवड्यात पोरं पुन्हा हरली. चाचा खुशीत. "आता हरले ते सोताच्या चुकीनं. हरा, पण दिसून हरा."

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर त्यांचे धाकटे भाऊ दुकानात आले. चाचींसोबत मीही तिथं होतो. "भाभी, हे विकून झेरॉक्स टाकू. गेमचं तुम्हाला काय कळतंय?"

चाचा असताना चाची दुकानात यायच्या त्या डबा द्यायला, तेवढंच. त्या माझ्याकडं वळल्या. मला म्हणाल्या, "सर, तो आकडा कुठं बदलतेत, दाखवा."

वीज जाऊन आल्यानं सहाही मशीन परत साठवर गेली होती. मी एकावर दाखवलं. उरलेली पाच त्यांनी स्वतः केली. प्रत्येक वेळी माऊस गोल फिरवून, पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"काय दिसतंय त्यात, भाभी?"

"दिसतंय," चाची म्हणाल्या. "झेरॉक्स दुसरीकडं टाका."

दुकान चालू आहे. सकाळी नऊला चाची शटर उघडतात.